अमेरिकेतल्या नॅशनल फॉरेस्टमध्ये फुकट मुक्काम: माहिती, शंका आणि थोडी भांडणं

रानमांजर (फिनिक्स, ॲरिझोना)

ग्रँड कॅन्यनच्या धाग्यावर परवा रडारड चालली होती की आतलं कॅम्पग्राउंड सहा महिने आधी बुकिंग उघडतं आणि बघता बघता संपतं. तिथे मी सहज लिहिलं, "मग बाहेरच्या जंगलात तंबू ठोका, पैसेही लागत नाहीत." तेव्हापासून व्यनिंचा (व्यक्तिगत निरोपांचा) पाऊस पडतोय. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा हा धागा काढतो.

आधी एक घोळ निस्तरू. नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. पार्क इंटिरियर (सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या) खात्याकडे, फॉरेस्ट कृषी खात्याकडे. जंगल आणि कृषी खातं? हो, कारण १९०५ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिस सुरू झाली तेव्हा गिफर्ड पिंशो या पहिल्या प्रमुखाचा विचारच असा होता की जंगल हे जपून वापरायचं उत्पन्न आहे. त्यामुळे तिथे लाकूडतोड चालते, गुरं चरतात, शिकार होते आणि त्याच न्यायाने तुम्ही-आम्ही झोपूही शकतो. अशी १५४ जंगलं आहेत, आणि गवताळ प्रदेश धरून एकूण जमीन सुमारे १९.३ कोटी एकर. म्हणजे अडीच महाराष्ट्र.

या मुक्कामाला इथे डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. बुकिंग नाही, जागेला नंबर नाही, पैसे नाहीत. त्याचबरोबर नळ नाही, संडास नाही, कचऱ्याचा डबा नाही, टेबल नाही, आणि बहुतेक ठिकाणी फोनला रेंजही नाही. एका जंगलात साधारण १४ दिवस राहता येतं. माझ्या जवळच्या कोकोनिनोत ३० दिवसांत १४ असा हिशेब आहे. प्रत्येक जंगलाचे आकडे आणि अटी वेगळ्या, त्यामुळे "मी अमुक जंगलात केलं होतं" हे दुसऱ्या जंगलात उपयोगाचं नाही.

जागा कशी शोधायची, हा सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न. बरीच मंडळी ॲपवर फोटो बघून निघतात. ॲप बघा, पण आधी त्या जंगलाचा मोटर व्हेइकल यूज मॅप उतरवून घ्या. फुकट मिळतो. दिसायला भिकार आहे, काळापांढरा, ना डोंगराच्या रेषा ना हिरवा रंग. पण कायद्याने तोच खरा. गाडी कुठल्या रस्त्यावर न्यायची ते त्यावर असतं. काही रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना बारीक ठिपक्यांची रांग दिसेल. ठिपके म्हणजे इथे मुक्कामासाठी गाडी रस्ता सोडून आत नेता येते. किती आत, ते नकाशाच्या कडेच्या तक्त्यात लिहिलेलं असतं. कोकोनिनोत ३०० फूट. ठिपके नसतील तर गाडी रस्त्याच्या कडेलाच लावायची आणि तंबू पाठीवर घेऊन आत जायचं. जो रस्ता नकाशावर नाही तो समोर दिसत असला तरी गाडीसाठी नाही. हाच नकाशा ॲव्हेंझा ॲपमध्ये टाकला की रेंज नसतानाही आपण कुठे आहोत ते त्यावर दिसतं.

मग त्या रस्त्यावर हळूहळू जायचं आणि आधी कोणीतरी वापरलेली जागा हेरायची. सपाट, माती दबलेली, मध्ये शेकोटीसाठी रचलेलं दगडांचं कडं. नवी जागा तयार करायची नाही. आणि उजेड असताना पोचा. हेडलाइटच्या उजेडात प्रत्येक खड्डा सपाट दिसतो.

विचारा आता.

सुमाताई_एनजे

माहिती छान. मूळ प्रश्न कोणी विचारणार नाही म्हणून मीच विचारते. संडासचं काय? सोबत दोन मुलं, एक सहा वर्षांचं, आणि सासूबाई यायचं म्हणतायत.

तिखटमीठ (सॅक्रामेंटो)

सुमाताई, मी सांगते. पुरुष मंडळी इथे "ॲडजस्ट करा" म्हणून मोकळी होतात.

हातभर लांबीचं बागकामाचं खुरपं घ्या. पाण्यापासून, वाटेपासून आणि तंबूपासून २०० फूट लांब जायचं, मोठ्या माणसाची साधारण ७० पावलं. सहा ते आठ इंच खोल खड्डा, काम झालं की तीच माती परत वर. कागद पुरायचा नाही, झिपच्या पिशवीत घालून परत आणायचा. कोरड्या हवेत कागद कुजत नाही, आणि पुरलेला कागद जनावरं उकरून काढतात. गर्दीच्या जागांवर प्रत्येक झुडपामागे फडफडणारे पांढरे तुकडे दिसतात तेव्हा फार शिसारी येते. आपण पाणी वापरणारी माणसं, तो भार तसाही कमी. स्पोर्ट्सच्या बाटलीला भोकाचं झाकण असतं ती या कामाला उत्तम. साबण मात्र नाल्यात नको, तोही २०० फुटांवर.

सासूबाईंना खाली बसता येत नसेल तर घडीची खुर्ची मिळते, मध्ये भोक आणि खाली पिशवी लावायची सोय. पिशवीत पावडर असते, त्याने सगळं घट्ट होतं. वर छोटा उभा तंबू. मी आईला असंच नेलं, तिची अजिबात कुरकुर नव्हती. तिचं बालपण कोकणातलं, तिला उलट आमचीच गंमत वाटत होती.

सुमाताई_एनजे

हे वाचून सासूबाई म्हणाल्या, "आम्ही डबा घेऊन जायचो, त्याला आता ॲप लागतं का?" :)

न्यू जर्सीजवळ कुठलं फॉरेस्ट?

पोटोमॅककर

न्यू जर्सीत नॅशनल फॉरेस्ट नाहीच. न्यूयॉर्क राज्यात एकच, फिंगर लेक्स, तेही चिमुकलं, १६ हजार एकर. तुम्हाला पेन्सिल्व्हेनियातलं ॲलेगनी किंवा वरती व्हर्माँटचं ग्रीन माउंटन बघावं लागेल.

रानमांजर यांनी पश्चिमेचं चित्र रंगवलंय, पूर्वेकडचं थोडं सांगतो. पश्चिमेत जमीन आधीपासूनच सरकारची होती. पूर्वेला ती खाजगी होती, तोडून उजाड झालेली. १९११ च्या वीक्स कायद्याने सरकारने ती विकत घ्यायला सुरुवात केली, आणि ज्याने विकली त्याचीच घेतली. म्हणून आमच्या व्हर्जिनियाकडच्या जॉर्ज वॉशिंग्टन आणि जेफरसन जंगलांचा नकाशा पाहिलात तर हिरव्या रंगात मध्येमध्ये पांढरी भोकं दिसतात. ती खाजगी जमीन. गुगल मॅपवर सगळं सरसकट हिरवं दिसतं म्हणून विसंबू नका, कोणाच्या तरी परसात तंबू लागेल आणि मालक बंदूक घेऊन चौकशीला येईल. झाडांवर रंगाचे पट्टे आणि पाट्या असतात, त्या वाचा.

आणि गोचिडी. गुडघ्यामागे, काखेत, केसांत रोज रात्री तपासा. आमच्याकडे अस्वलापेक्षा गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाची भीती खरी.

खडूस (पुणे)

एवढा गाजावाजा कशाला? आम्ही कॉलेजात असताना हरिश्चंद्रगडावर, राजमाचीवर कुठेही पथारी टाकायचो. ना नकाशा, ना खुरपं. अमेरिकेत गेलं की झोपायलाही नियमावली.

वाटाड्या

खडूस, आपल्या राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणं आणि विस्तव पेटवणं दोन्ही गुन्हे आहेत, भारतीय वन अधिनियम १९२७, कलम २६. आपण केलं कारण कोणी हटकलं नाही. इथे उलट आहे, झोपायचा हक्क लिहून दिलाय आणि हटकायलाही माणूस येतो.

माझा प्रश्न शेकोटीचा. आमच्या गँगला कणसं भाजायची आहेत. दगडांचं कडं आहे म्हणजे शेकोटी चालते ना?

रानमांजर

नाही! कडं असणं म्हणजे परवानगी नव्हे. त्या आठवड्याचे निर्बंध बघायचे. आमच्याकडे मे-जूनमध्ये बहुतेक वर्षी पहिल्या टप्प्याचे निर्बंध लागतात. तेव्हा विकसित कॅम्पग्राउंडच्या लोखंडी कड्यातच आग चालते, म्हणजे फुकट जागेवर शेकोटी बंद, बटणाने विझणारा गॅसचा स्टोव्ह चालतो. पुढचा टप्पा याहून कडक, आणि त्यापुढे जंगलच बंद करतात. सप्टेंबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियातली सगळी नॅशनल फॉरेस्ट बंद होती.

एक हकीकत सांगतो, आमच्या उत्तरेच्या फ्लॅगस्टाफ गावचे लोक ती विसरलेले नाहीत. जून २०१० मध्ये गावाच्या उत्तरेला कोणीतरी शेकोटी नीट न विझवता निघून गेलं. वारा होता. त्यातून शुल्ट्झ वणवा पेटला, सॅन फ्रान्सिस्को पीक्सच्या पूर्व उतारावरचं सुमारे १५ हजार एकर जंगल गेलं. घरं वाचली, लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. पण त्या उतारावर आता पाणी धरायला काही उरलं नव्हतं, जळालेली माती पाणी आत घेत नाही, वरून घरंगळून देते. जुलैत आमच्याकडचा मान्सून सुरू झाला आणि पहिल्याच मोठ्या सरींना खालच्या वस्तीत राख, दगड आणि जळके ओंडके घेऊन लोंढा आला. त्यात बारा वर्षांची एक मुलगी वाहून गेली. ज्याने शेकोटी सोडली तो तेव्हा कुठे होता कोण जाणे.

म्हणून विझवणं म्हणजे वर पाण्याची बाटली रिकामी करणं नव्हे. पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता, परत ढवळा, मग हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन बघा. ऊब लागली तर अजून जिवंत आहे. पाइनच्या सुयांचा थर आणि मुळं आतल्या आत धुमसत राहतात, वरून कळत नाही. शेकोटीसाठीच वेगळं पाणी न्या, निदान पाच गॅलन. ते नेणं जड वाटत असेल तर कणसं गॅसवर भाजा.

तिखटमीठ

कॅलिफोर्नियावाल्यांनो, आपल्याकडे एक जास्तीची गोष्ट. कॅम्पग्राउंडबाहेर नॅशनल फॉरेस्टमध्ये साधा गॅसचा स्टोव्ह पेटवायलाही कॅम्पफायर परमिट लागतं. ऑनलाइन, फुकट, छोटी चाचणी देऊन लगेच मिळतं. "आम्ही शेकोटी करणारच नाही" म्हणून लोक ते काढत नाहीत आणि मग चहा करताना रेंजर (वन खात्याचा माणूस) समोर उभा राहतो.

सरपण घरून नेऊ नका. लाकडातून किडे पसरतात, ॲश बोररने पूर्वेकडचे ॲश वृक्ष असेच संपवलेत. तिथेच पडलेलं, सुकलेलं गोळा करा. उभं झाड मेलेलं दिसलं तरी तोडायचं नाही.

झिम्मा

अस्वलं?? आणि आपल्या फोडणीचा वास?

रानमांजर

ॲरिझोनात फक्त काळी अस्वलं आहेत, ग्रिझली (मोठी तपकिरी अस्वलं) नाहीत. माणसाची चाहूल लागली की सहसा निघून जातात. ग्रिझली हवी असतील (!) तर वायोमिंग, मोंटाना, आयडाहो.

फोडणीचा वास नक्कीच लांब जातो. म्हणून स्वयंपाक एकीकडे, तंबू दुसरीकडे. ज्या शर्टवर कांदा परतला तो घालून झोपू नका. टूथपेस्ट, साबण, लहान मुलांचे वेट वाइप्स, खोबरेल तेल, या सगळ्याला अस्वल खाऊच समजतं. खरकटं गाळून कचऱ्याच्या पिशवीत, नुसतं पाणी लांब नेऊन शिंपडायचं. आमच्याकडे पिठल्याचं पातेलं भाकरीने पुसून खातात, त्यानंतर घासायला फारसं उरत नाही.

अन्न कुठे ठेवायचं हे जागेवर ठरतं. यलोस्टोनच्या आसपासच्या जंगलांत अन्न अस्वलाच्या हाती लागणार नाही असं ठेवायचा आदेश आहे, टणक टपाच्या गाडीत बंद करून ठेवलं तरी चालतं. योसेमिटीत मात्र रात्री गाडीत काही ठेवायचं नाही, तिथली अस्वलं गाडीचं दार सोलून काढतात. पार्कची गोष्ट आहे, पण शेजारच्या जंगलातली अस्वलं काही वेगळ्या शाळेत शिकलेली नाहीत.

खरा त्रास सांगू? गाई. पहाटे तंबूबाहेर कोणीतरी मोठ्याने श्वास घेतंय म्हणून जीव मुठीत धरून बसावं आणि झिप उघडावी तर समोर गाय गवत ओढतेय. चराईचे परवाने असतात, त्यांचा हक्क आपल्याएवढाच. फाटक उघडं दिसलं तर उघडंच ठेवा, बंद दिसलं तर मागे बंद करा. आणि ॲरिझोनाचा कायदा आहे, जनावरांच्या पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत मुक्काम करायचा नाही. माणूस बसला की हरणं पाण्यावर येत नाहीत.

ह्यूस्टनचा गणपत

टेक्सासात जमीन जवळजवळ सगळी खाजगी, पण आमच्या उत्तरेला ५० मैलांवर सॅम ह्यूस्टन नॅशनल फॉरेस्ट आहे. एरवी आत कुठेही तंबू लावा. हरणांच्या शिकारीच्या हंगामात मात्र ठरवून दिलेल्या जागांवरच. त्या दिवसांत जंगलात फिरताना भडक नारिंगी जाकीट घाला, मुलांनाही. उन्हाळ्यात जाऊ नका. गरमी, डास आणि चिगर नावाचा न दिसणारा किडा, मोज्याच्या रेषेवर आठवडाभर खाजत राहतं.

अध्यक्ष_होणार

आमच्या मंडळाची सप्टेंबरची सहल अशी फुकट जंगलात काढली तर? साठ-सत्तर लोक, दोन बार्बेक्यू, स्पीकर, लेझीम.

पोटोमॅककर

७५ लोक झाले की विशेष परवाना लागतो, तो फुकट मिळतो पण आधी अर्ज करावा लागतो. चौऱ्याहत्तर नेऊन पळवाट काढाल, पण कृपा करून काढू नका. एवढ्यांचे खड्डे कुठे खणणार? मंडळासाठी पैसे भरून ग्रुप कॅम्पसाइट घ्या, संडास असतो, टेबलं असतात. लेझमीचं तिथे विचारून घ्या.

अध्यक्ष_होणार

खड्ड्यांचा हिशेब केला. ग्रुप साइट घेतो.

नवा_भिडू

एच-१बी व्हिसावर (नोकरीच्या) आहे, ग्रीन कार्डची रांग चालू. असं रानात झोपल्यावर पोलिसांनी धरलं तर? बायको म्हणते उगाच रेकॉर्डवर काही नको.

वाटाड्या

नियमात राहून झोपणं पूर्ण कायदेशीर आहे, व्हिसाचा संबंध नाही. नियम मोडला तर मात्र तो फेडरल नियम असतो, वरची मर्यादा ५ हजार डॉलर दंड किंवा सहा महिने कैद किंवा दोन्ही. सहसा आधी समज देतात किंवा दंडाची पावती फाडतात, पण तुमच्यासारख्या रांगेतल्या माणसाने बंदीच्या काळात शेकोटी पेटवण्याचं धाडस करू नये. आणि कागदपत्रांची प्रत सोबत ठेवा, ती तर कुठेही ठेवायचीच.

भाड्याच्या गाडीबद्दलही सांगतो, कारण ते कोणी बोलत नाही. करारात कच्च्या रस्त्यावर गाडी नेऊ नये असं बहुतेकदा लिहिलेलं असतं. आमच्या एका मित्राची सेडान पावसानंतरच्या चिखलात रुतली. टो करणाऱ्याने शहरातल्या चांगल्या हॉटेलात तीन रात्री झाल्या असत्या एवढे पैसे घेतले, आणि गाडीच्या कंपनीने विमा लागू नाही म्हणून हात वर केले. फुकटची रात्र त्याला अशी पडली.

झिम्मा

सेडोनाला लाल डोंगरांच्या खाली तंबूचे फोटो बघितलेत. तिथली जागा सांगा ना कोणीतरी.

रानमांजर

त्याच फोटोंनी ती जागा गेली. सेडोनाच्या पश्चिमेला इतकी गर्दी झाली की आता वन खात्याने ठरवून दिलेल्या जागांवरच राहता येतं, बाकीचं बंद. म्हणून मी नेमकी जागा कधीच सांगत नाही, जंगल आणि रस्ता सांगतो. राग मानू नका.

ग्रँड कॅन्यनवाल्यांसाठी: पार्कच्या दक्षिण गेटाजवळचं टुसायन गाव संपलं की लगेच कैबाब नॅशनल फॉरेस्ट. गावाच्या दक्षिणेकडून ३०२ नंबरचा फॉरेस्ट रोड पूर्वेला जातो. हमरस्त्याजवळच्या पहिल्या जागा व्हॅनवाल्यांनी भरलेल्या असतात, थोडं आत जा. सूर्योदय बघायला पहाटे गेटात शिरा, दक्षिण कडा हाकेच्या अंतरावर. उत्तर कड्याला जाणार असाल तर आधी चौकशी करा, जुलै २०२५ च्या ड्रॅगन ब्राव्हो वणव्यात तिथलं जुनं लॉजही जळालं.

फ्लॅगस्टाफच्या बाजूला मला जास्त आवडतं. पाँडेरोसा पाइनचं जंगल, झाडं एकमेकांपासून सुटी, त्यामुळे तंबूला जागा भरपूर. जुन्या झाडाची साल नारिंगी होते. उन्हं चढल्यावर सालीच्या भेगेत नाक खुपसून बघा, चक्क व्हॅनिलाचा वास येतो. मुलं मग झाडामागून झाड हुंगत सुटतात, त्यांना दुसरं खेळणं लागत नाही. आणि रात्रीचं आकाश. २००१ मध्ये फ्लॅगस्टाफ जगातलं पहिलं डार्क स्काय शहर ठरलं, तिथे दिवे मुद्दाम मंद आणि खाली झाकलेले असतात. मोठी एलईडी माळ तंबूवर लावून ते वाया घालवू नका.

त्या सॅन फ्रान्सिस्को पीक्सवर जाल तर एवढं लक्षात असू द्या की होपी आणि नवाहो लोकांसाठी तो पवित्र डोंगर आहे. दगडांचे मनोरे रचणं, खडकावर नावं कोरणं नको.

सुमाताई_एनजे

पाणी किती न्यायचं? ओढ्याचं चालतं का?

तिखटमीठ

माणशी रोज एक गॅलन, स्वयंपाक आणि धुणं धरून दीड. ओढा कितीही स्वच्छ दिसला तरी सरळ पिऊ नका, जिआर्डिया नावाचा पोट बिघडवणारा जंतू असतो. फिल्टर वापरा किंवा उकळा. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, ६,५०० फुटांच्या वर तीन मिनिटं. डाळ-तांदूळ शिजवायला तेवढ्या उंचीवर जास्त वेळ लागतो, छोटा कुकर न्याच. लोक हसतील, हसू देत.

खडूस (पुणे)

मुलगा फिनिक्सला आहे, थँक्सगिव्हिंगला येतोय मी तिकडे. (हसू नका.) फ्लॅगस्टाफला जमेल का?

रानमांजर

खडूस, या या! पण नोव्हेंबरअखेर फ्लॅगस्टाफ नको. गाव ७,००० फुटांवर आहे, रात्री पारा शून्याखाली जातो, बर्फ किंवा चिखल झाला की कच्चे रस्ते बंद. तेव्हा फिनिक्सजवळच्या टोंटो नॅशनल फॉरेस्टमध्ये जा, सग्वारो निवडुंगांचं वाळवंट, दिवसा स्वेटरही लागणार नाही. रात्रीसाठी जाड पांघरूण आणि खाली गादी हवीच, थंडी जमिनीतून चढते. सरपटणारे प्राणी थंडीत कमी दिसतात, पण सकाळी बूट झटकून घाला, विंचू.

निघण्याआधी रेंजर ऑफिसला फोन करा. बरीच ऑफिसं शनिवार-रविवार बंद असतात आणि गुरुवारी थँक्सगिव्हिंगची सुट्टी, तेव्हा बुधवारी दुपारच्या आतच. "अमुक रस्ता उघडा आहे का, शेकोटी चालू आहे का," दोनच प्रश्न. खुरपं मी देतो.